डिग्री घेतलेली पोरं पुढं जातात कुठं? १२ देशांतल्या विद्यापीठांनी ४० हजार जणांचा माग असा काढला

ॲडमिशनचा सीझन आला की पेपरच्या पहिल्या पानावर, हायवेच्या होर्डिंगवर आणि इन्स्टाच्या रील्समध्ये एकच आकडा दिसायला लागतो. १०० टक्के प्लेसमेंट. खाली सूट घातलेले चार चेहरे आणि सगळ्यात मोठं पॅकेज. या आकड्याकडं बघून घरात एज्युकेशन लोनचा हिशोब मांडला जातो, कधी जमिनीचा तुकडाही विकला जातो.

पण हा आकडा मोजला कुणी? परीक्षा झाल्यावर किती महिन्यांनी मोजला? आणि नेमकं कुणाला विचारून मोजला?

हे प्रश्न साधे वाटतात, पण यांची उत्तरं शोधायला युरोपातल्या विद्यापीठांनी एकमेकांशी हातमिळवणी करून गेली जवळपास ३० वर्षं घातली आहेत. आणि त्यातून जे बाहेर आलं ते प्लेसमेंटच्या जाहिराती वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

एकट्या देशाचा आकडा काहीच का सांगत नाही?

१९९० च्या दशकाचा मध्य. स्पेनमध्ये बेरोजगारीचा दर २० टक्क्यांच्या वर गेलेला. डिग्री घेऊन बाहेर पडलेली पोरं वर्षानुवर्षं नोकरी शोधतायत. तिकडं जपानमध्ये आर्थिक फुगा फुटलेला, कंपन्यांनी भरती कमी केलेली. जर्मनीत एकीकरणाचा खर्च चालू. प्रत्येक देशातले लोक एकच बोलत होते, आपली विद्यापीठं बेकार झाली, पोरांना कामाचं काही शिकवत नाहीत.

आता गोम अशी की स्पेनमधल्या पोराला नोकरी मिळत नसेल, तर दोष विद्यापीठाचा की बाजाराचा, हे फक्त स्पेनकडं बघून सांगता येत नाही. तोच विषय शिकलेला, त्याच वर्षी पास झालेला नेदरलँड्सचा पोरगा शेजारी उभा केला तरच काहीतरी कळतं. म्हणजे तुलना करायची, तर सगळीकडं एकच प्रश्न, एकाच बॅचला आणि एकाच वेळी विचारायला पाहिजे. आणि तेच कुणी करत नव्हतं. प्रत्येक देशाचा सर्व्हे वेगळा, कुणी सहा महिन्यांनी विचारतोय, कुणी तीन वर्षांनी, तर कुणी विचारतच नाही.

हे काम अंगावर घेतलं ते जर्मनीतल्या कासेल विद्यापीठानं. कासेल म्हणजे परीकथावाल्या ग्रिम बंधूंचं गाव. तिथं १९७८ पासून उच्च शिक्षण आणि काम यांचं नातं अभ्यासणारं एक संशोधन केंद्र आहे. उलरिश टाइशलर हे तिथले प्राध्यापक. त्यांच्या पुढाकारानं युरोपियन युनियनच्या पैशातून एक प्रकल्प उभा राहिला, त्याचं नाव चीअर्स. हा ग्लास उंचावून म्हणायचा चीअर्स नाही, 'उच्च शिक्षणानंतरची करिअर' अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावातून काढलेलं ते टोपणनाव आहे. असल्या प्रकल्पांना गोड नाव शोधायची युरोपातल्या लोकांना भारी हौस असते.

इटली, स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, चेक प्रजासत्ताक असे ११ युरोपीय देश आणि बारावा जपान. १९९४-९५ च्या आसपास पास झालेल्या बॅचला साधारण चार वर्षांनी गाठायचं ठरलं. १९९८ च्या शरद ऋतूपासून २००० च्या वसंत ऋतूपर्यंत हे काम चाललं आणि ४० हजारांहून जास्त पदवीधरांनी लेखी उत्तरं दिली.

चार वर्षंच का? कारण निकाल लागल्यावर लगेच विचारलं तर अर्धी पोरं मिळेल ते काम करत असतात. कुणी कॅफेत, कुणी मामाच्या दुकानात. त्यावरून डिग्रीची किंमत ठरवणं म्हणजे पेरणी झाल्यावर आठ दिवसांनी उतारा मोजण्यासारखं आहे. पण दहा वर्षांनी विचारलं तर कॉलेजात काय शिकलो हे त्याच्याच लक्षात नसतं. चार-पाच वर्षं हा मधला पल्ला.

हे काम नेमकं चालतं कसं?

सर्व्हे म्हटलं की आपल्याला वाटतं, फॉर्म बनवला, लिंक पाठवली, संपला विषय. बारा देशांचा सर्व्हे म्हणजे मात्र वेगळंच प्रकरण आहे.

एक विद्यापीठ मुख्य भागीदार असतं. पैसे त्याच्याकडं येतात आणि हिशोबही त्यालाच द्यावा लागतो. बाकीच्या प्रत्येक देशातलं एखादं विद्यापीठ किंवा संशोधन संस्था भागीदार असते. कामाचे तुकडे पाडून वाटून दिले जातात. एकाकडं प्रश्नावली, एकाकडं नमुना निवडायचं गणित, एकाकडं डेटा एकत्र करायचं काम. सहा-सहा महिन्यांनी कुठल्यातरी शहरात बैठक होते आणि बैठकीत सगळ्यात जास्त वेळ कशावर जातो, तर शब्दांवर.

मूळ प्रश्नावली बहुतेक वेळा इंग्रजीत तयार होते. मग तिचं भाषांतर. एका माणसानं भाषांतर केलं आणि झालं, असं इथं चालत नाही. चांगल्या सर्व्हेत दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तिसरा बसून दोन्ही ताडून बघतो, वाद झाला तर निर्णय कुणी द्यायचा ते आधीच ठरलेलं असतं. त्यानंतर थोड्या लोकांवर चाचणी, आणि प्रत्येक बदलाची नोंद.

एवढा कुटाणा का? तर एक उदाहरण बघा.

जर्मनीत वकील किंवा शिक्षक व्हायचं असेल तर विद्यापीठाचं शिक्षण संपल्यावर रेफरेंडारिआट नावाचा टप्पा असतो. वकिलीसाठी तो दोन वर्षांचा. सरकार महिन्याला ठराविक रक्कम देतं, माणूस कोर्टात किंवा शाळेत प्रत्यक्ष काम करतो आणि शेवटी परत परीक्षा असते. आता त्याला विचारलं, तू नोकरी करतोस का? तो काय उत्तर देणार? नोकरी म्हणावी तर पगार तुटपुंजा, शिक्षण म्हणावं तर विद्यापीठ कधीच सुटलंय. याला नोकरदार धरलं तर जर्मनीतल्या कायद्याच्या पदवीधरांचा पगार कमी दिसतो आणि विद्यार्थी धरलं तर तो आकडेवारीतूनच गायब होतो.

पीएचडीचंही तसंच. नेदरलँड्स आणि नॉर्वेत पीएचडी करणारा हा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. ब्रिटनमध्ये तो विद्यार्थी असतो आणि त्याला स्टायपेंड मिळतो. काम तेच, लॅब तशीच, रात्रीचं जागरणही तेवढंच. पण एका देशात तो 'नोकरीला लागला' आणि दुसऱ्या देशात 'अजून शिकतोय'.

सगळ्यात भारी व्याख्या तर 'कामावर असणं' याचीच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची जगभर वापरली जाणारी व्याख्या अशी आहे की मोजणीच्या आठवड्यात एक तास जरी पैसे घेऊन काम केलं तरी माणूस कामावर आहे असं धरायचं. एक तास! देशाची अर्थव्यवस्था मोजायला ही व्याख्या ठीक आहे, तिच्यामागं कारणंही आहेत. पण आठवड्यातून एकदा शिकवणी घेणारा एमएस्सी झालेला पोरगा आणि कायमस्वरूपी इंजिनिअर हे दोघं एकाच रकान्यात बसले, तर त्या रकान्याचा पालकांना काय उपयोग?

म्हणून या प्रकल्पांनी 'नोकरी आहे का' या प्रश्नावर थांबायचं सोडलं. नोकरी कायमची की कंत्राटी, आठवड्याला किती तास, हे विचारायला सुरुवात केली. त्यांचा सगळ्यात कळीचा प्रश्न साधारण असा होता की तुझ्या या कामासाठी खरं तर कुठल्या पातळीचं आणि कुठल्या विषयाचं शिक्षण पुरेसं आहे.

पत्ता कुठाय?

प्रश्नावली तयार झाली. आता पाठवायची कुणाला?

संशोधकांकडं पत्ते नसतात, ते विद्यापीठाच्या कार्यालयात असतात. आणि कार्यालयातला पत्ता म्हणजे ॲडमिशनच्या वेळी लिहिलेला आईवडिलांच्या घरचा. पोरगं दुसऱ्या शहरात, पोरीचं लग्न होऊन आडनाव बदललेलं, फोन नंबर तीनदा बदललेला. चीअर्सच्या काळात तर सगळा कारभार टपालावर होता. आता ईमेल आहे, पण विद्यापीठानं दिलेला ईमेल पास झाल्यावर बंद होतो आणि विद्यार्थी तो बघायचंही सोडून देतो.

त्यात २५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्यामुळं एका देशातल्या विद्यापीठानं आपल्या पोरांची यादी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाला सरळ मेल करून टाकायची सोय राहिली नाही. मग बहुतेक वेळा वाट अशी काढली जाते की आमंत्रणाचा ईमेल विद्यापीठ स्वतः पाठवतं, संशोधकांना फक्त नाव नसलेली उत्तरं मिळतात. यात प्रायव्हसी सांभाळली जाते, पण विद्यापीठाच्या कार्यालयातल्या क्लार्कनं आठवणीचा ईमेल वेळेवर पाठवला नाही तर त्या देशाची उत्तरं निम्म्यावर येतात. कोट्यवधींचा प्रकल्प अशा एका ईमेलवर टांगलेला असतो.

आणि उत्तरं कमी येणं ही एवढीच अडचण नाही. उत्तर कोण देतं हा खरा प्रश्न आहे. चांगली नोकरी लागलेला माणूस आपल्या विद्यापीठाचा ईमेल आनंदानं उघडतो. दोन वर्षं घरी बसलेला पोरगा तो ईमेल बघून बंद करतो. म्हणजे न सांगता आकडा गोडच येतो. यावर उपाय म्हणून संशोधक वजनं लावतात. विद्यापीठाच्या यादीत कला शाखेच्या मुली ३० टक्के आहेत आणि उत्तर देणाऱ्यांत २० टक्केच आल्या, तर त्यांच्या उत्तरांना जास्त वजन द्यायचं. पण शाखा आणि लिंग यादीत असतं म्हणून ते दुरुस्त करता येतं. निराशा कुठल्या यादीत लिहिलेली असते?

मग सापडलं काय?

पहिली गोष्ट, नोकरी लागायला किती वेळ लागतो हे विद्यापीठापेक्षा देशाच्या पद्धतीवर जास्त अवलंबून असतं. जपानमध्ये पोरं शेवटचं वर्ष संपायच्या कितीतरी आधी नोकरी शोधायला लागतात आणि १ एप्रिलला सगळी बॅच एकदम कंपन्यांत रुजू होते. तिथं पास होणं आणि नोकरी लागणं यात अंतरच नसतं. स्पेन-इटलीत तेच अंतर बरंच लांबतं. पण जपानच्या पद्धतीला दुसरी बाजू आहे. ज्या वर्षी मंदी असेल त्या वर्षीची बॅच गाडी चुकल्यासारखी मागं राहते, कारण कंपन्या पुढच्या वर्षी पुढची बॅच घेतात. १९९० च्या दशकातल्या अशा बॅचेसच्या काळाला जपानी लोक 'नोकऱ्यांचं हिमयुग' म्हणतात.

दुसरी गोष्ट, डिग्री आणि नोकरी यांचं नातं सगळीकडं सारखं नाही. जर्मनीत इंजिनिअरिंग केलं की इंजिनिअर, कायदा केला की वकील असा बऱ्यापैकी सरळ रस्ता आहे. ब्रिटनमध्ये इतिहासात बीए केलेला माणूस बँकेत किंवा कन्सल्टन्सीत जातो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण तिथं अनेक कंपन्या 'कुठल्याही विषयाची डिग्री चालेल' असं सांगूनच भरती करतात. त्यामुळं 'शिकलेल्या विषयात काम करत नाही' हा आकडा ब्रिटनमध्ये मोठा आला तर ते अपयश असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट मात्र जास्त टोचणारी आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे जिम ॲलन आणि रॉल्फ फान डर फेल्डन यांनी चीअर्समधला डच डेटा घेऊन २००१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे डिग्रीपेक्षा खालच्या पातळीचं काम करणं आणि दुसरी म्हणजे आपल्या अंगातलं कसब कामात वापरायलाच न मिळणं. वरवर दोन्ही सारखंच वाटतं. पण पगारावर मुख्य मार बसतो तो पहिल्याचा. आणि माणूस नोकरीवर नाराज राहतो, दुसरी नोकरी शोधायला लागतो, ते दुसऱ्यामुळं. म्हणजे पगाराची स्लिप बघून त्याचं बरं चाललंय का, हे कळत नाही.

चौथी गोष्ट परदेशात एक सेमिस्टर करणाऱ्यांची. युरोपात १९८७ पासून इरॅस्मस ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना चालू आहे. असा विद्यार्थी पुढं परदेशात नोकरी करण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, असं दिसलं. पण कासेलच्याच टीमनं २००६ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा कळलं की इरॅस्मस केल्याचा करिअरमधला फायदा आधीच्या बॅचेसपेक्षा उतरत चाललाय. कारण सोपं आहे. चार जण जात होते तेव्हा त्याची किंमत होती, सगळेच जायला लागल्यावर ती कमी झाली. शिवाय जाणारी पोरं मुळातच भाषा येणारी, घरून पाठबळ असलेली असतात, तो मुद्दा वेगळाच.

सातपैकी किती मार्क?

चीअर्सनंतर धुरा मास्ट्रिख्टकडं आली आणि रिफ्लेक्स नावाचा पुढचा प्रकल्प झाला. १९९९-२००० ला पास झालेल्यांना २००५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी विचारलं गेलं. पुढं स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना विद्यापीठाच्या पुढाकारानं हेगेस्को नावाचा भाऊ प्रकल्प झाला आणि त्यात हंगेरी, पोलंड, लिथुआनिया, तुर्कस्तान असे देश आले.

रिफ्लेक्सची खासियत म्हणजे कौशल्यांचा तक्ता. १९ गोष्टी दिलेल्या. दबावाखाली काम करणं, वेळ नीट वापरणं, वाटाघाटी करणं, परकी भाषा लिहिणं-बोलणं, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या कल्पनांवर प्रश्न विचारणं, असं बरंच काही. प्रत्येकासमोर दोन पट्ट्या, १ ते ७. एक, तुझ्याकडं हे किती आहे. दोन, तुझ्या कामाला हे किती लागतं. दोन्हींमधली तफावत म्हणजे विद्यापीठ कुठं कमी पडलं किंवा कंपनी कुठं माणूस वाया घालवतेय, याचा अंदाज.

कल्पना छान आहे. पण इथंच देशोदेशीचे स्वभाव आडवे येतात. जपानमध्ये स्वतःला ७ देणं उद्धटपणाचं मानलं जातं, तिथली उत्तरं पट्टीच्या मधल्या भागात गोळा होतात, हे सर्व्हेवाल्यांना जुनं ठाऊक आहे. दुसरीकडं स्वतःला ६-७ देऊन मोकळं होणारेही देश आहेत. मग जपानी पदवीधर कमकुवत म्हणायचे का? अर्थात नाही. म्हणून हुशार संशोधक देशांची सरासरी शेजारी मांडून मोकळे होत नाहीत. त्याच माणसानं दिलेले दोन आकडे, 'आहे' आणि 'लागतं', यांच्यातलं अंतर बघतात. माणूस नम्र असेल तर दोन्हीकडं नम्र असतो.

सरळ टॅक्सचा डेटा का नाही घेत?

आता तुम्ही म्हणाल, एवढी डोकेफोड कशाला? सरकारकडं प्रत्येकाच्या पगाराची नोंद असते, ती विद्यापीठाच्या यादीला जोडा.

काही देशांनी हेच केलंय. पोलंडमध्ये २०१६ पासून ईएलए नावाची सरकारी व्यवस्था आहे. विद्यापीठातली नोंद आणि सामाजिक विम्याची नोंद जोडली जाते, नावं काढून टाकली जातात आणि कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या कोर्समधून बाहेर पडलेल्यांना किती पगार मिळतो ते वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. ब्रिटनमध्येही शाळा, विद्यापीठ आणि टॅक्स यांच्या नोंदी जोडणारा डेटा आहे. तिथं ईमेलला उत्तर द्यायचा प्रश्नच नाही.

पण या पद्धतीला मोठं भोक आहे. जो देश सोडून गेला तो नोंदीतून पुसला जातो. पोलंडमधून जर्मनीत नोकरीला गेलेला डॉक्टर त्याच्या स्वतःच्या देशाच्या टॅक्स नोंदीत शून्य दिसतो. पुण्याहून लंडनला जाऊन एमएस्सी केलेली आणि परत पुण्यात चांगल्या नोकरीला लागलेली मुलगी ब्रिटिश टॅक्सच्या नोंदीत कुठंच नसते. आणि विषय देशाच्या सीमा ओलांडणाऱ्यांचा असेल तर नेमकी तीच माणसं गायब होणं परवडत नाही. शिवाय ब्रिटनच्या टॅक्स नोंदीत पगार दिसतो, पण तो पूर्ण वेळच्या कामाचा की अर्ध्या, हे दिसत नाही.

म्हणून युरोपियन युनियनच्या परिषदेनं २० नोव्हेंबर २०१७ ला पदवीधरांचा माग ठेवण्याची शिफारस सगळ्या सदस्य देशांना केली आणि नोंदी व सर्व्हे दोन्ही वापरायला सांगितलं. त्यातून युरोग्रॅज्युएट नावाचा सर्व्हे आला. २०१८ ला आठ देशांत चाचणी झाली, २०२२ च्या फेरीत १७ देश आले. पास होऊन एक वर्ष झालेले आणि पाच वर्षं झालेले, अशा दोन बॅचेसना एकाच वेळी विचारलं जातं.

इटलीतलं एक उदाहरण इथं सांगायलाच हवं. बोलोन्या विद्यापीठात १९९४ मध्ये आल्मालॉरेआ नावाचा उपक्रम सुरू झाला. आज इटलीतली बहुतांश विद्यापीठं त्यात आहेत. पास झाल्यावर एक, तीन आणि पाच वर्षांनी विचारलं जातं आणि त्याच ठिकाणी पदवीधरांचे सीव्ही कंपन्यांना मिळतात. म्हणजे फॉर्म भरणाऱ्या पोरालाही त्यात काहीतरी मिळतं, म्हणून ते भरतं. मोरोक्को आणि ट्युनिशियातल्या विद्यापीठांनी हीच पद्धत युरोपियन निधीच्या प्रकल्पांतून आपल्याकडं नेली.

आकड्यावर पैसे लागले की काय होतं?

ब्रिटनमध्ये पूर्वी पास झाल्यावर सहा महिन्यांनी सर्व्हे व्हायचा आणि तो विद्यापीठं स्वतःच करायची. म्हणजे परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासायचा. २०१७-१८ च्या बॅचपासून ते बदललं. आता १५ महिन्यांनी विचारतात आणि फोन-ईमेल मध्यवर्ती संस्था करते. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांनाही विचारलं जातं.

इंग्लंडमध्ये तर या आकड्यावर आता नियामकाची नजर असते. पूर्णवेळ पहिली पदवी घेतलेल्यांपैकी किमान ६० टक्के जण व्यावसायिक दर्जाच्या कामात, पुढच्या शिक्षणात किंवा तशाच चांगल्या मार्गावर असावेत, असा किमान निकष २०२२ मध्ये लावला गेला. त्याखाली गेलेल्या विद्यापीठाची चौकशी होऊ शकते. यावर तिथं वाद आहेतच. गरीब भागातल्या, गावातच राहून काम करू इच्छिणाऱ्या पोरांना घेणारं विद्यापीठ यात मार खातं, आणि श्रीमंत घरातली पोरं घेणाऱ्या विद्यापीठाला काही न करता मार्क मिळतात.

आपल्याकडं हा विषय एनआयआरएफ रँकिंगमधून आला. २०१५ ला ही पद्धत जाहीर झाली आणि २०१६ ला पहिली यादी आली. इंजिनिअरिंगच्या यादीत शंभरपैकी २० गुण विद्यार्थी बाहेर पडताना काय घेऊन जातात याला आहेत. प्लेसमेंट, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मीडियन पगार हे त्यातच येतं. माहिती कॉलेजनं स्वतः भरायची असते. कॉलेजात हे काम करतो तो टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंटवाले सर, ज्यांना बहुतेक ठिकाणी तासही घ्यायचे असतात.

एनआयआरएफनं सरासरीऐवजी मीडियन मागितला हे मात्र शहाणपणाचं काम झालं. मीडियन म्हणजे सगळे पगार ओळीनं लावले की बरोबर मधला. पाच पोरांना वर्षाला ३ लाख, साडेतीन, ४, साडेचार आणि ६० लाख मिळाले असं समजा. सरासरी निघते १५ लाख. मीडियन निघतो ४ लाख. होर्डिंगवर कुठला आकडा जातो ते सांगायला नको.

दुसरी गंमत खालच्या आकड्याची. बॅचमध्ये २०० पोरं, पण प्लेसमेंटसाठी 'पात्र आणि नोंदणी केलेली' ८०, त्यातल्या ७६ जणांना ऑफर. तर टक्केवारी ९५. पण २०० पैकी धरली तर ३८. दोन्ही आकडे खरे आहेत, खोटं कुणीच बोललेलं नाही. एमबीएच्या क्षेत्रात हा घोळ टाळायला आयआयएम अहमदाबादनं पुढाकार घेऊन प्लेसमेंट रिपोर्ट कसा लिहायचा याचे नियम बनवले, त्यात कोण धरायचा, कोण वगळायचा हे स्पष्ट लिहावं लागतं आणि रिपोर्टचं ऑडिटही होतं. इंजिनिअरिंग आणि साध्या पदवी कॉलेजांच्या जाहिरातींना मात्र ही शिस्त अजून लागलेली नाही.

एनआयआरएफसाठी कॉलेजनं भरलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर टाकावी लागते. बहुतेक ठिकाणी तळाशी कुठंतरी लिंक असते. त्या पीडीएफमध्ये किती पोरांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढं शिकायला गेले आणि मीडियन पगार किती, हे तीन वर्षांचं ओळीनं दिलेलं असतं. फॉर्म भरायच्या आधी होर्डिंगवरचा आकडा आणि पीडीएफमधला आकडा शेजारी ठेवायला दहा मिनिटं लागतात.

आणि ज्यांनी परदेशातून डिग्री घेतली आहे त्यांच्या इनबॉक्समध्ये, किंवा बहुतेक स्पॅममध्ये, आपल्या जुन्या विद्यापीठाचा 'सध्या काय करताय?' असा ईमेल कधीतरी येतो. नोकरी नसेल तरी तो फॉर्म भरता येतो, तसा पर्याय त्यात दिलेला असतो.